जानेवारीतलं नेपल्स

निवृत्त डॉक्टर दिसला की लोक लग्नाच्या पंगतीतही त्याला गुडघे दाखवतात. मला सुट्टीच्या तारखा दाखवतात. "मीनलताई, मे महिन्यात पाच दिवस मिळतायत. बार्सिलोना करू की अथेन्स?" समोर अळूची भाजी निवत असते आणि मी सल्ला देत बसलेली असते. सवय जात नाही, दुसरं काय! दिल्लीतल्या एका प्रवास कंपनीत माझी उभी हयात गेली आणि त्यातली बहुतेक वर्षं भूमध्य समुद्राकाठची शहरं एवढंच माझं काम होतं.

पूर्वी आपली माणसं युरोपला जात ती एका दमात सात-आठ देश उरकायला. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. मग गुडगावच्या ऑफिसांतली पुण्या-मुंबईची तरुण मंडळी येऊ लागली. त्यांच्याकडे हौस भरपूर पण रजा जेमतेम. एकच शहर, चार-पाच दिवस, तेही पायी हिंडून बघायचं. धंद्यात याला सिटी ब्रेक म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं, तिकीट आणि हॉटेल काढून दिलं की आमचं काम संपलं. ते तर हल्ली मोबाइलसुद्धा करतो. खरं काम त्यानंतरचं. मी प्रत्येक शहराचे दोन भाग पाडायचे : बघण्यासारखं काय आणि करण्यासारखं काय. बघण्यासारखं कुठल्याही पुस्तकात मिळतं. करण्यासारखं म्हणजे मार्सेच्या जुन्या बंदरावर सकाळी मासळी मांडतात, तिथे नुसतं उभं राहणं. पालेर्मोच्या बाजारात विक्रेत्यांच्या आरोळ्या ऐकत भटकणं. व्हॅलेन्सियात नदी वळवून तिच्या कोरड्या पात्रात लांबच लांब बाग केली आहे, तिथून भाड्याच्या सायकलवर समुद्राच्या दिशेनं निघणं. आणि दुपारी दुकानं बंद झाली की चौकातल्या बाकावर बसणं. "बाकावर बसणं हे करण्यात कसं काय येतं?" असं एका गृहस्थांनी मला चष्म्यावरून बघत विचारलं होतं. त्यांना वाटलं, दिवस भरायला मी काहीतरी कोंबलंय.

माझी आणखी एक पद्धत होती. गिऱ्हाईक निघण्याच्या आठवड्यात मी त्यांना समोर बसवून शहर फिरवून आणायचे. समोर नकाशा नाही की स्क्रीन नाही, सगळं तोंडी. "हॉटेलच्या दारातून बाहेर पडलात. डावीकडे वळा. कोपऱ्यावर बेकरी लागेल, तिचा वास आधी येईल. तिथून रस्ता चढाचा आहे, आजींचा हात धरा." एका आजोबांना मोबाइलवरचा नकाशा काही केल्या समजेना, म्हणून मी हे सुरू केलं आणि मग ती माझी रीतच होऊन बसली. लोक डोळे मिटून ऐकायचे. परत आल्यावर सांगायचे, "ताई, बेकरी होती हो कोपऱ्यावर!" जसं काही ती मीच आदल्या रात्री उघडून ठेवली होती.

गमतीजमतीही पुष्कळ झाल्या. गुडगावचं एक कुटुंब बार्सिलोनाला पोचलं आणि संध्याकाळी मला फोन. "ताई, यार, इथे कुठेही जेवण मिळत नाहीये. मुलं रडतायत." तिकडे रात्रीचं जेवण नऊनंतर सुरू होतं, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. शेवटी त्यांनी बॅगेतला चिवडा काढला आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या स्पॅनिश बाईंनीही मूठभर घेतला आणि पुन्हा हात पुढे केला. ती त्यांच्या सहलीतली सगळ्यात छान संध्याकाळ ठरली, आणि तिच्यात माझा काडीचाही वाटा नव्हता. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातले एक मॅनेजर अथेन्सला गेले. टेकडीवरच्या त्या जगप्रसिद्ध मंदिराच्या डागडुजीसाठी क्रेन लावलेली असते. हे सकाळभर क्रेन बघत उभे. बायको आणि मुलगी मंदिर बघून, खाली उतरून, कॉफी पिऊन आल्या तरी हे तिथेच. "मॅडम, खांब काही नीट बघितले नाहीत, पण ती क्रेन! बिल्कुल मजा आली," असं त्यांनी मला येऊन सांगितलं. मी ते 'करण्यासारखं' मध्ये घालून टाकलं.

हे किस्से मी पंगतीत सांगते आणि लोक हसतात. साळवे बाईंबद्दल मात्र मी कुठे बोलत नाही. सांगायला लागले की रडू येतं, आणि भरल्या ताटावर ते बरं दिसत नाही. म्हणून लिहिते आहे.

सुमती साळवे दिल्लीतल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. माझी मुलगी त्यांच्या वर्गात होती. दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या मराठीचे हाल सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ही पोरगी घरी येऊन 'पर्जन्यछाया' म्हणायची, 'खारे वारे' म्हणायची, ते बाईंमुळे. साळवेसाहेब केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. सरोजिनी नगरात दुसऱ्या मजल्यावरचं सरकारी क्वार्टर, बाल्कनीत तुळस आणि लिंबाचं एक झाड, कुंडीतलं. मूलबाळ नव्हतं. दोघंही नगरकडची ख्रिस्ती. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये शनिवारी आमची गाठ पडे. अशाच एका शनिवारी थालीपीठ खाता खाता बाई म्हणाल्या, "मीनल, मला नेपल्सला ने. जानेवारीत."

मी लगेच धंद्यावर आले. "अच्छा! मग रोमही करा की, जवळच आहे. पोपचं दर्शन..."

"अगं, आम्ही नगरचे प्रोटेस्टंट. पोपचं आमच्याकडे काय काम?"

"पण जानेवारी कशाला, बाई? दिवस लहान, समुद्र खवळलेला, बेटांवर जाणाऱ्या बोटी कधीही रद्द होतात. वर पाऊस."

"पावसासाठीच जायचंय."

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाला ऊन हवं असायचं. पाऊस मागणाऱ्या बाई ह्या पहिल्या आणि शेवटच्या. त्यांनी दह्याची वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि मला वर्गात बसवलं. वाटी म्हणजे भूमध्य समुद्र. "याच्या काठी उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. म्हणून ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबं. किती वर्षं झाली, मी हे फळ्यावर लिहिते आहे. आणि आपल्या दिल्लीला जानेवारीत पाऊस येतो ना, तो इथून निघतो." त्यांचं बोट वाटीपासून निघालं, मिठाची बाटली म्हणजे इराण, माझा पेला म्हणजे अफगाणिस्तान, आणि थेट माझ्या ताटाशी येऊन थांबलं. "ही दिल्ली. पंजाबातला गहू त्याच्यावर पोसतो. पार दमून येतो बिचारा इथवर. मी जन्मभर त्याचं हे टोक बघितलं. एकदा तो निघतो तिथे जाऊन उभं राहायचंय. बस्स, एवढंच."

"आणि साहेब?"

"येतील की. परवानगी मिळाली की."

इथे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. सरकारी नोकराला स्वतःच्या खर्चानं परदेशी फिरायला जायचं असलं, तरी खात्याची परवानगी लागते. त्यात विशेष काही नाही. माझी निम्मी सरकारी गिऱ्हाइकं तो कागद घेऊनच यायची. पण साळवेसाहेबांचं दुखणं वेगळं होतं. ते अर्ज त्यांच्याच टेबलावरून पुढे जायचे. लोकांच्या परदेशवाऱ्यांवर शेरे मारणारा माणूस! एकदा चहा घेताना त्यांनी मला कबूल केलं, "मॅडम, 'कारण पुरेसं वाटत नाही' असं लिहून मी कित्येकांचे अर्ज परत पाठवलेत. आता मीच कारण लिहू? पाऊस बघणे?"

"पर्यटन लिहा हो. सगळे तेच लिहितात."

"माझीच फाईल माझ्याच सेक्शनमधून फिरणार. हाताखालची मुलं काय म्हणतील? त्यापेक्षा रिटायर होऊ द्या. मग कुणाला विचारायला नको. बिल्कुल फ्री."

माणूस कंजूष नव्हता, बायकोवर त्याचा जीव होता, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. बाजारातून येताना पिशवी कधी बाईंच्या हातात दिसली नाही. पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. बाई हसून सोडून द्यायच्या. "आमचे हे स्वतःच्याच खिडकीपुढे रांगेत उभे आहेत," असं म्हणायच्या. दर वर्षी दिवाळी झाली की ऑफिसात येऊन विचारायच्या, "यंदा तिकडे पाऊस कसा आहे?" मी सांगायचे. मग म्हणायच्या, "यंदा नाही गं जमत. पण तू प्लॅन काढून ठेव." मी काढून ठेवायचे. छत्री घ्या असं मी सुचवलं की रागवायच्या. "छत्रीतून काय डोंबल पाऊस दिसणार?"

अखेर साहेबांच्या निवृत्तीचं साल उजाडलं. नोव्हेंबरअखेर निवृत्ती, जानेवारीत नेपल्स. मी सगळं बुकिंग केलं. बाईंनी नवे बूट घेतले आणि सवय व्हावी म्हणून घरात घालून हिंडू लागल्या. त्यांना खोकल्याचा त्रास होता, तो जुनाच. पण त्या वर्षी समोरची जुनी क्वार्टर्स पाडून तिथे टॉवर चढत होते. दिवसभर धूळ उडत होती, आणि वर नोव्हेंबरचा दिल्लीचा धूर. सूर्य दिसेना. इथले लोक त्या दिवसांत एकमेकांना आधी हवेचा आकडा विचारतात, मग तब्येत. बाईंची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्हिसाचे शिक्के बसून पासपोर्ट परत आले तेव्हा त्या हॉस्पिटलात होत्या. घरी आल्या त्या ऑक्सिजनच्या यंत्रासकट. विमानाचा विषयच संपला.

बुकिंग रद्द करणं हे आमच्या धंद्यात रोजचंच काम. साखरपुडे मोडतात, बॉस रजा देत नाही, आजी पडते. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. नेपल्सचं ते हॉटेल रद्द करताना मात्र मी बराच वेळ नुसती बसून राहिले. त्या खोलीला समुद्राकडची खिडकी होती. मुद्दाम मागून घेतली होती.

जानेवारीत बाईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक, मध्ये दम घेत घेत. "तिकिटं रद्द केलीस. फिरवून आणणं कुठे रद्द केलंयस? ये घरी."

मी गेले. दुपार होती, पण आभाळ भरून आलं होतं आणि गार वारा सुटला होता. बाई पलंगावर उशांना टेकून बसलेल्या. नाकाशी नळी, कोपऱ्यात यंत्राची घरघर. पलंगाखाली ते नवे बूट. बाल्कनीचं दार घट्ट बंद, फटींना कापडाच्या पट्ट्या लावलेल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, बाहेरची हवा अजिबात नको, गारठा तर मुळीच नको. साळवेसाहेबांनी त्या पट्ट्या स्वतःच्या हातानं इतक्या नीट चिकटवल्या होत्या की त्यांच्यातला जुना कारकून मला तिथे दिसला.

"सांग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मी सांगायला लागले. पहिल्या दिवशी विमानतळावरून शहरात आणलं. गल्ल्यांवर वाळत घातलेले कपडे दाखवले, उभ्यानं प्यायची कडक कॉफी पाजली. दुसऱ्या दिवशी राखेत गाडलं गेलेलं ते जुनं शहर दाखवायला रेल्वेनं नेलं. तिथे बाईंनी मला थांबवून व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख जमिनीला कशी मानवते ते सांगितलं. बोलताना तीनदा थांबल्या, पण सांगितलं. साहेब पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांनी हा भूगोल पहिल्यांदाच ऐकला असावा.

"तिसरा दिवस," मी म्हणाले. "आज किल्ल्यावर. जोराच्या चढावर दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे, तिच्यात बसलो. वर आलो. थोडं चाललो. आता तटाशी उभ्या राहा, बाई. डाव्या हाताला ज्वालामुखी. समोर सगळा समुद्र. खाली शहर पसरलंय. आणि समुद्रावरून..."

बाहेर बाल्कनीतल्या कूलरच्या पत्र्यावर थेंब वाजले. आधी दोन-चार, मग एकदम ताशाच वाजायला लागला.

बाईंनी डोळे उघडले. "अहो, दार उघडा."

"सुमती, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"उघडा हो. तिकडूनच आलाय तो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना परवानग्या दिल्या, ते माझ्याकडे परवानगी मागत होते. मी मान खाली घातली. हो म्हणायचा मला अधिकार नव्हता आणि नाही म्हणायची छाती नव्हती. मग पट्टी ओढल्याचा आवाज आला, दुसरी, तिसरी. दार उघडलं तसा गारवा आणि ओल्या मातीचा वास आत आला. साहेबांनी आपली शाल बाईंना गुंडाळली, त्यांना नळीसकट दोन्ही हातांनी उचलल्यासारखं धरलं आणि पलंगाच्या कडेला आणून बसवलं. कुंडीतलं लिंबाचं झाड भिजत होतं. बाईंनी हात पुढे केला. पाऊस तिथवर पोचत नव्हता. तेव्हा साहेब बाल्कनीत गेले, ओंजळ धरून उभे राहिले, आणि भरलेली ओंजळ आत आणून त्यांनी बाईंच्या हातावर ओतली.

"दमलाय गं," बाई म्हणाल्या. "पण आलाय."

त्या रडत नव्हत्या. मी रडत होते. थोड्या वेळानं त्या थकल्या. साहेबांनी दार लावलं आणि पट्ट्या पुन्हा चिकटवायला घेतल्या. ओल्या हातांनी त्या चिकटेनात. "चौथा दिवस पुढच्या वेळी," बाई मला म्हणाल्या.

पुढची वेळ आली नाही. फेब्रुवारी लागता लागता बाई गेल्या. दफनविधी झाल्यावर माणसं पांगली तरी साळवेसाहेब कब्रस्तानाच्या फाटकाशी उभेच होते. मी जवळ गेले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या दिवशी दार उघडलं, ते चुकलं का हो?"

"नाही हो, साहेब. डॉक्टर म्हणालेच ना, आजार शेवटाला आला होता."

"ते म्हणतात. पण मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काही केलं." त्यांनी फाटकाची कडी उगाच लावली, पुन्हा काढली. "आणि जिथे न विचारता करायचं होतं, तिथे इतकी वर्षं..."

लोकांनी कुठे डावीकडे वळायचं, हे सांगण्यात माझा जन्म गेला. त्या फाटकाशी मी नुसती त्यांचा हात धरून उभी राहिले, रिक्षा येईपर्यंत.

मुदत संपल्यावर त्यांनी क्वार्टर सोडलं आणि नोएडात भाड्यानं एक छोटी जागा घेतली. लिंबाचं झाड बरोबर नेलं. मी दोनदा-तीनदा म्हटलं, "साहेब, एकदा जाऊन या नेपल्सला. आता कुणाची परवानगी नको." त्यांनी मान हलवली. "मला कुठे भूगोल येतो?" म्हणाले. त्यानंतर मीही नोकरी सोडली. आता पंगतीतली गिऱ्हाइकं तेवढी उरली आहेत.

गेल्या जानेवारीत एका दुपारी मी गहू निवडत बसले होते. बाहेर अंधारून आलं आणि पाऊस सुरू झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, साळवे बोलतोय. तुमच्याकडे आला का?"

"आत्ताच आला."

"इकडेही आलाय. मी बाल्कनीचं दार उघडून बसलोय." मागे पावसाचा आवाज येत होता. मग घसा साफ करून, अर्ज पुढे सरकवावा तसं अदबीनं म्हणाले, "चौथा दिवस राहिला होता तुमचा सांगायचा. आज जमेल?"

मी ताट बाजूला सारलं आणि डोळे मिटले. "हॉटेलच्या दारातून बाहेर पडलात," मी म्हणाले. "पाऊस आहे."

"हो," ते म्हणाले. "छत्री नाही घेतली."